फॉरमॅट मारायच्या आधी डीएनएस आणि घड्याळ बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. २५ मशीनचं ऑफिस, कोपऱ्यात एकच टॉवर सर्व्हर, त्यावर विंडोज सर्व्हर २०१२ आर२ आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरी (ऑफिसातली सगळी खाती आणि मशीन यांची मध्यवर्ती नोंदवही). महिन्यापूर्वी नवीन फायबर कनेक्शन घेतलं, त्यांच्याच माणसाने राउटर बसवला. त्यानंतर सकाळी लॉगिनला पाच-सात मिनिटं लागतात, कुणाला झेड ड्राइव्ह दिसतो, कुणाला नाही. मध्ये सर्व्हरची हार्डडिस्क गेली तेव्हा एएमसीवाल्याने (वार्षिक देखभालीच्या कंत्राटदाराने) ३५ दिवसांपूर्वीची इमेज, म्हणजे डिस्कची पूर्ण प्रत, परत टाकली, आणि दुसऱ्या दिवसापासून ३ मशीन 'ट्रस्ट रिलेशनशिप' तुटल्याचा संदेश देऊन दारातच अडवतात. लाइट जाऊन आली की सर्व्हरचं घड्याळ मागे गेलेलं असतं आणि सर्व्हर सुरू झाल्यावरही वीसेक मिनिटं काहीच चालत नाही. आता एएमसीवाला म्हणतोय, सगळं फॉरमॅट मारू, नवीन डोमेन (त्या नोंदवहीखाली बांधलेली खाती आणि मशीन) करू.

नका करू. नवीन डोमेनचं नाव जुनंच ठेवलं तरी आतून ते वेगळंच असतं. प्रत्येक खात्याचा ओळखक्रमांक, ज्याला एसआयडी म्हणतात, तो नव्याने तयार होतो. फोल्डरांवरच्या परवानग्या जुन्या क्रमांकांच्या नावे राहतात, आणि लोकांनी लॉगिन केलं की कोरा डेस्कटॉप समोर येतो. मग २५ जण तुमच्या टेबलाभोवती उभे राहून 'माझं आउटलुक कुठे गेलं' विचारतात. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांत डिरेक्टरी खराब झाल्याचं मला एकही चिन्ह दिसत नाही. ती जागेवर आहे, मशीनना ती सापडत नाहीये. हे दुखणं एक नाही, चार वेगवेगळी आहेत. ती एकाच महिन्यात वर आली म्हणून एकच मोठा आजार वाटतो.

हात लावायच्या आधी एक बॅकअप घ्या, 'सिस्टम स्टेट' प्रकारचा, म्हणजे डिरेक्टरीसकट विंडोजच्या मुख्य भागांचा. सर्व्हरवर विंडोज सर्व्हर बॅकअप हे फीचर बसवलं की डब्ल्यूबीॲडमिन कमांडने तो बाहेरच्या डिस्कवर घेता येतो. तो परत टाकायची वेळ आली तर डिरेक्टरी रिस्टोअर मोडचा पासवर्ड लागतो. डोमेन पहिल्यांदा उभारताना कुणीतरी तो टाकलेला असतो आणि तो माणूस आता दुसरीकडे नोकरीला असतो. सर्व्हर चालू असतानाच एनटीडीएसयूटिल मधून तो बदलता येतो, जुना माहीत असण्याची गरज नाही. पाच मिनिटांचं काम आहे, आजच करा आणि कागदावर लिहून मालकांच्या कपाटात ठेवा. (कमांड इथे नागरीत लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.)

आता राउटर. माझ्या मते तुमचा निम्मा त्रास इथला आहे.

मशीन चालू झालं की ते आधी विचारतं, 'या डोमेनचा कंट्रोलर, म्हणजे डिरेक्टरी सांभाळणारा सर्व्हर, कोण?' हा प्रश्न ते डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेला विचारतं. उत्तर असतं एसआरव्ही नावाच्या नोंदींमध्ये, आणि त्या नोंदी फक्त तुमच्या सर्व्हरच्या डीएनएसमध्ये आहेत. नवीन राउटर मात्र स्वतःच आयपी वाटतोय आणि सोबत डीएनएस म्हणून स्वतःचा किंवा कंपनीचा पत्ता देतोय. बाहेरच्या डीएनएसला तुमचं 'ऑफिस डॉट लोकल' कुठून माहीत असणार? तो 'असं नाव अस्तित्वात नाही' म्हणून मोकळा होतो. मशीन मग दुसऱ्या मार्गांनी चाचपडत राहतं, प्रत्येक वेळी काही सेकंद थांबतं, आणि ते सगळे सेकंद मिळून तुमची पाच-सात मिनिटं होतात.

'पण लॉगिन तर होतं ना, मग सर्व्हर सापडतोच की' असं तुम्ही म्हणाल. इथेच बहुतेक जण फसतात. विंडोज शेवटच्या १० लॉगिनची माहिती मशीनवरच जपून ठेवतं. कंट्रोलर सापडला नाही तर त्या साठवणीवरून माणसाला आत घेतं. माणूस आत जातो, सर्व्हरला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून झेड ड्राइव्ह येत नाही, पॉलिसी लागत नाही, प्रिंटर गायब असतो. लॉगिन झालं हा कशाचाच पुरावा नाही.

पुरावा हवा असेल तर अडलेल्या एखाद्या मशीनवर काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडा आणि एनएसलुकअप चालवा. पहिल्या ओळीतच कळेल की उत्तर कोण देतंय. तिथे तुमच्या सर्व्हरचं नाव किंवा पत्ता यायला हवा. 'डीएनएस डॉट गूगल' किंवा राउटरचा पत्ता आला तर चोर तिथेच सापडला. मग 'सेट टाइप=एसआरव्ही' देऊन '_एलडॅप._टीसीपी.डीसी._एमएसडीसीएस' आणि त्यापुढे टिंब देऊन तुमच्या डोमेनचं नाव विचारा. सर्व्हरचं नाव आणि पोर्ट ३८९ दिसलं तर ठीक. शेवटी 'एनएलटेस्ट /डीएसगेटडीसी' पुढे डोमेनचं नाव. एरर १३५५ आली तर त्या मशीनच्या दृष्टीने डोमेनच अस्तित्वात नाही.

उपाय असा. राउटरवरचं आयपी वाटप बंद करा आणि सर्व्हरवर डीएचसीपी रोल बसवून तिथून वाटा, डीएनएस म्हणून फक्त सर्व्हरचा पत्ता द्या. दोन्हीकडून वाटप चालू ठेवू नका, नाहीतर कोणत्या मशीनला काय मिळालं हे नशिबावर राहील. राउटरवर डीएनएसचा पत्ता बदलता येत असेल तर तेवढं करूनही भागतं, पण फायबरवाल्यांच्या बऱ्याच डब्यांत ती सोय कुलूपबंद असते. सर्व्हरच्या स्वतःच्या नेटवर्क कार्डावरही डीएनएस म्हणून सर्व्हरचाच पत्ता हवा. मग इंटरनेट कसं चालणार? सर्व्हरच्या डीएनएसमध्ये 'फॉरवर्डर' म्हणून जागा असते, तिथे ८.८.८.८ किंवा कंपनीचा पत्ता टाका. बाहेरचे पत्ते फक्त तिथे.

इथे एक सल्ला हमखास मिळतो: 'पहिला डीएनएस सर्व्हरचा ठेवा, दुसरा ८.८.८.८, म्हणजे सर्व्हर बंद असला तरी नेट चालेल.' ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण आज चालतं, उद्या नाही, परवा पुन्हा चालतं अशा तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा हेच निघतं. पहिल्याने उत्तर द्यायला जरा उशीर केला की विंडोज दुसऱ्याला विचारतं, आणि दुसऱ्याने 'असं नाव नाही' म्हटलं की ते अंतिम उत्तर मानतं. पहिल्याला पुन्हा विचारायला जात नाही. मशीनवर बाहेरचा डीएनएस दुसऱ्या क्रमांकावरही नको.

हे करून झालं की सर्व्हरवर नेटलॉगॉन सर्व्हिस एकदा बंद-चालू करा, एसआरव्ही नोंदी ती पुन्हा लिहिते. मशीनवर 'आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस' करून रीस्टार्ट.

जाता जाता: तुमच्या सर्व्हरच्या मागे दोन केबल आहेत का ते बघा. मी एका कारखान्यात पूर्ण दिवस घालवला होता. डीएनएस बरोबर, राउटर बरोबर, तरी निम्म्या मशीनना सर्व्हर सापडेना. संध्याकाळी चहा घेताना सर्व्हरच्या मागे वाकलो तर दुसऱ्या नेटवर्क कार्डात एक पिवळी पॅच कॉर्ड. सीसीटीव्हीवाल्याने रेकॉर्डर सर्व्हरवरून दिसावा म्हणून जोडलेली. सर्व्हरने तो कॅमेऱ्यांच्या नेटवर्कचा पत्ताही इमानदारीने स्वतःचा म्हणून डीएनएसमध्ये नोंदवला होता, आणि मशीनना कधी हा पत्ता मिळायचा, कधी तो. डोमेन कंट्रोलरला एकच पाय असावा. काढता येत नसेल तर त्या कार्डाच्या सेटिंगमध्ये डीएनएसमध्ये नोंद करण्याची खूण काढा, डीएनएस सर्व्हरला फक्त ऑफिसच्या पत्त्यावर ऐकायला सांगा आणि चुकीची नोंद हाताने पुसा.

दुसरं दुखणं घड्याळ. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय, इतकंच. पण डोमेनमध्ये घड्याळ ही शोभेची वस्तू नाही. ओळख पटवण्याचं काम करणारं केर्बरॉस दोन घड्याळांत ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक डिफॉल्टने चालवून घेत नाही. शिवाय बाकी सगळी मशीन वेळ सर्व्हरकडूनच घेतात, म्हणजे सर्व्हर चुकला की ती त्याच्यामागे चुकत जातात.

सेल बदलण्याआधी बायोसच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा. सेल पूर्ण उतरलेला असला की बायोसची सेटिंगही मूळ पदावर जाते, आणि डिस्क रेडमध्ये (अनेक डिस्क एकत्र जोडून) असतील तर तो पर्याय बदलून सर्व्हर चालूच होत नाही. मग लोक डिस्क गेली समजून घाबरतात.

सेल बदलल्यावर 'डब्ल्यू३२टीएम /क्वेरी /सोर्स' विचारा. 'लोकल सीमॉस क्लॉक' असं उत्तर आलं तर सर्व्हर वेळ कुणाकडूनच घेत नाहीये. त्याला बाहेरचा स्रोत द्या. आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा टाइम सर्व्हर आहे, 'टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी', आणि एनआयसीचे (सरकारच्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राचे) 'समय१' व 'समय२' आहेत. एप्रिल २०२२ मधल्या सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) निर्देशांतही याच दोन संस्थांचा उल्लेख आहे. राउटरवर यूडीपी पोर्ट १२३ बाहेर जाऊ द्या.

स्रोत दिला तरी घड्याळ सुधारत नाही असं तुम्हाला दिसेल, आणि इथे लोक हताश होतात. कारण साधं आहे: डोमेन कंट्रोलर ४८ तासांपेक्षा मोठी दुरुस्ती आपणहून स्वीकारत नाही. कुणी खोटी वेळ पाठवून डोमेन कोलमडवू नये म्हणून ही मर्यादा ठेवली आहे. सेल गेल्यावर घड्याळ काही वर्षं मागे गेलेलं असतं, म्हणून आधी तारीख हाताने बरोबर करा, मग बाकीची सेकंदं ते स्वतः जुळवून घेईल.

तारीख हाताने लावताना टाइम झोन नक्की बघा. ताज्या इन्स्टॉलेशनमध्ये झोन कित्येकदा अमेरिकेचा पॅसिफिक असतो. माणूस भिंतीवरचं घड्याळ बघून काटे जुळवतो आणि झोन तसाच राहतो. पडद्यावर सकाळचे १० दिसतात, पण आतली जागतिक वेळ उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तासांनी चुकलेली असते. केर्बरॉस आतली वेळ बघतं. हा घोटाळा डोळ्यांना दिसत नाही म्हणून वाईट.

तिसरं, ती ३ मशीन. मला हा भाग सगळ्यात आवडतो, कारण इथे तुमचा ३५ हा आकडा सगळं सांगून जातो.

डोमेनला जोडलेल्या प्रत्येक मशीनचाही एक पासवर्ड असतो. तो दर ३० दिवसांनी बदलतो, आणि बदलतं ते मशीन स्वतः, सर्व्हर नाही. (म्हणून 'लॅपटॉप चार महिने बंद होता, त्यामुळे ट्रस्ट तुटला' हे खरं नसतं. बंद मशीन पासवर्ड बदलतच नाही.) मशीन आपल्याकडे चालू पासवर्ड आणि त्याच्या आधीचा असे दोन ठेवतं. चालू चालला नाही तर आधीचा वापरून बघतं.

आता तुमचा सर्व्हर एका रात्रीत ३५ दिवस मागे गेला. या ३५ दिवसांत बहुतेक मशीननी पासवर्ड एकदाच बदलला होता. त्यांच्याकडचा आधीचा पासवर्ड म्हणजेच सर्व्हरला आठवणारा, त्यामुळे त्यांचं निभावलं. पण इमेज घेतल्यानंतरच्या पहिल्या चार-पाच दिवसांत ज्यांची पाळी आली, त्यांची ३० दिवसांनी पुन्हा आली. त्यांच्याकडचे दोन्ही पासवर्ड सर्व्हरला अनोळखी. २५ मशीनमध्ये अशी तीन-चार निघणार, तुमची ३ निघाली. इमेज अडीच महिन्यांची असती तर जवळपास सगळं ऑफिस बाहेर राहिलं असतं. याच न्यायाने त्या ३५ दिवसांत ज्यांनी स्वतःचा पासवर्ड बदलला त्यांचा जुना पासवर्ड परत लागू झाला असेल, आणि त्या काळात जोडलेलं नवीन मशीन सर्व्हरला मुळीच माहीत नसेल. तेवढं तपासा.

एका गोष्टीत नशीब चांगलं: तुमचा कंट्रोलर एकच आहे. दुसरा जिवंत कंट्रोलर असता आणि एकावर अशी जुनी इमेज टाकली असती, तर दोघांचे हिशेब जुळले नसते. इव्हेंट २०९५ लिहून सर्व्हरने देवाणघेवाणच बंद केली असती. ते निस्तरणं फार जिकिरीचं असतं. कंट्रोलरची जुनी इमेज परत टाकणं हा दुरुस्तीचा मार्ग नाही, हे एएमसीवाल्याला एकदा शांतपणे सांगा.

या ३ मशीनना डोमेनमधून काढून परत जोडायची गरज नाही. नेटवर्कची केबल काढा आणि नेहमीच्या युजरने लॉगिन करा. मशीन साठवणीवरून आत घेईल, तीच १० लॉगिनची सोय इथे उपयोगी पडते. लोकल ॲडमिनचा पासवर्ड माहीत असेल तर त्याने जा, ते जास्त बरं. मग केबल लावा, पॉवरशेल ॲडमिन म्हणून उघडा, 'टेस्ट-कंप्युटरसिक्युअरचॅनल' ही आज्ञा 'रिपेअर' आणि 'क्रेडेन्शियल' या दोन पर्यायांसह द्या, डोमेन ॲडमिनचं नाव-पासवर्ड टाका. 'ट्रू' आलं की झालं. विंडोज ७ चं जुनं पॉवरशेल असेल तर 'क्रेडेन्शियल' चालणार नाही, तिथे नेटडॉमची 'रीसेटपीडब्ल्यूडी' वापरा. डोमेनमधून काढायचीच वेळ आली तर लोकल ॲडमिनने एकदा प्रत्यक्ष लॉगिन करून बघितल्याशिवाय काढू नका. मी एकदा तसाच काढला, रीस्टार्ट झाला, लोकल ॲडमिन बंद करून ठेवलेला निघाला. रात्री ९ पर्यंत बूट पेनड्राइव्ह घेऊन बसलो होतो.

उरली ती सर्व्हर सुरू झाल्यावरची वीस मिनिटं. तुम्ही लिहिलंय की आधीचा २००३ चा सर्व्हर भंगारात दिला. देण्याआधी त्याला रीतसर 'डिमोट' केलं होतं का, म्हणजे कंट्रोलरपदावरून उतरवलं होतं का? मला शंका आहे की नाही. तसं असेल तर डिरेक्टरीच्या लेखी तो अजून नोकरीत आहे. नवीन सर्व्हर उठल्यावर आपल्या जोडीदाराकडून ताज्या नोंदी मिळतील म्हणून वाट बघतो, आणि तोवर डीएनएसही थांबतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डीएनएसच्या पानावर ४०१३ क्रमांक शोधा. सापडला तर १५-२० मिनिटांचं गूढ उकललं.

मग 'नेटडॉम क्वेरी एफएसएमओ' द्या. एका वेळी एकाच कंट्रोलरकडे असणाऱ्या पाच खास जबाबदाऱ्या आणि त्या कोणाकडे आहेत ते येईल. पाचही ठिकाणी चालू सर्व्हरचं नाव हवं. मेलेल्याचं नाव दिसलं तर त्या 'सीझ' कराव्या, म्हणजे जबरदस्तीने चालू सर्व्हरकडे घ्याव्या लागतील, एनटीडीएसयूटिल मधून किंवा पॉवरशेलने. एरवी सीझ करताना मी दहादा विचार करतो, कारण जुना सर्व्हर नंतर परत जोडला तर गोंधळ होतो. तुमचा भंगारात वितळलाय, बिनधास्त करा. यातली रिड मास्टर नावाची, नवीन खात्यांसाठी क्रमांक वाटणारी जबाबदारी मेलेल्याकडे असेल तर लगेच काहीच जाणवत नाही. कंट्रोलरला ५०० क्रमांकांचा गठ्ठा आधीच मिळालेला असतो, छोट्या ऑफिसात तो वर्षानुवर्षं पुरतो. मग एखाद्या दिवशी नवीन खातं उघडायला जावं तर 'रिलेटिव्ह आयडेंटिफायर' देता येत नाही असा संदेश.

जबाबदाऱ्या हलवल्यावर 'युजर्स अँड कंप्युटर्स' मध्ये डोमेन कंट्रोलर्सच्या फोल्डरमधून जुन्याचं नाव डिलीट करा. २००८ पासून त्यासोबतच्या बऱ्याच आतल्या नोंदी आपोआप साफ होतात. उरलेलं 'साइट्स अँड सर्व्हिसेस' मध्ये आणि डीएनएसच्या एनएस नोंदींत हाताने शोधून पुसा. जुन्याच्या एसआरव्ही नोंदी राहिल्या तर मशीन अधूनमधून त्या मेलेल्या पत्त्यावर हाका मारत राहतील.

क्रम असा ठेवा: शनिवारी सगळे गेल्यावर बॅकअप, मग सेल आणि घड्याळ, मग डीएनएस आणि राउटर, मग जुन्या सर्व्हरची साफसफाई, आणि ती ३ मशीन सगळ्यात शेवटी. घड्याळ चुकलेलं असताना ट्रस्ट दुरुस्त करायला गेलात तर पुन्हा एरर येईल आणि तुम्हाला वाटेल आज्ञाच चालत नाही. शेवटी सर्व्हरवर डीसीडायग (कंट्रोलरची तपासणी करणारी कमांड) चालवून आउटपुट फाइलमध्ये घ्या. त्यात 'सिस्टमलॉग' ही चाचणी नापास दिसेल, ती जुन्या चुका मोजते, घाबरू नका. 'ॲडव्हर्टायझिंग' आणि 'नेटलॉगॉन्स' पास हव्यात. 'नेट शेअर' दिल्यावर सिसवॉल आणि नेटलॉगॉन (कंट्रोलरवरचे पॉलिसी आणि लॉगिन स्क्रिप्टचे शेअर) ही दोन्ही नावं दिसायला हवीत. नसतील तर थांबा आणि ती फाइल मला दाखवा, तिथे अंदाजाने काही करू नका.

यानंतर नवीन सर्व्हरचा विषय मालकांपुढे काढावाच लागेल, २०१२ आर२ चा नेहमीचा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपला. त्यातही नवीन डोमेन करायचं नाही. नवीन सर्व्हर याच डोमेनमध्ये दुसरा कंट्रोलर म्हणून जोडायचा, जबाबदाऱ्या त्याच्याकडे द्यायच्या, आणि जुन्याला या वेळी तरी रीतसर डिमोट करून निरोप द्यायचा. तुमचं डोमेन २००३ च्या काळातलं असल्याने एक अडथळा येईल: सिसवॉल अजून जुन्या एफआरएस पद्धतीने (कंट्रोलरांमध्ये फाइलींच्या प्रती ठेवणारी जुनी सर्व्हिस) चालत असेल, आणि सर्व्हर २०१९ किंवा पुढचा तिथे कंट्रोलर व्हायला नकार देतो. 'डीएफएसआरमिग /गेटग्लोबलस्टेट' विचारा. 'एलिमिनेटेड' आलं तर रस्ता मोकळा. नाही तर आधी फंक्शनल लेव्हल (डोमेन कोणत्या सर्व्हर आवृत्तीच्या सोयी वापरतं ती पातळी) २००८ किंवा वर न्या, मग तीन टप्प्यांत नव्या डीएफएसआर पद्धतीकडे स्थलांतर करा, प्रत्येक टप्प्यानंतर एक दिवस थांबून. तिसऱ्या टप्प्यानंतर मागे फिरता येत नाही.

आणि त्या निमित्ताने मशीनही घ्यायची ठरली तर कोटेशनमध्ये विंडोज प्रो असं लिहून घ्या. होम आवृत्ती डोमेनला जोडताच येत नाही, आणि हे खोकी उघडल्यावर कळतं.